एसीच्या पाण्यावर वाढलेली वाघाटी

दुबईहून आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, "तो उंच टॉवर पाहिलात का?" पाहिला. गाडीतून, लांबून, धुळीत अर्धा दिसेनासा झालेला. सोन्याचा बाजार पाहिला, वाळूचे डोंगर पाहिले, मॉलमधला खोटा बर्फही पाहिला आणि तिथून सर्दी घेऊन आले. पण दुबईत तुम्ही खरं काय पाहिलंत, असं कुणी नीट बसवून विचारलं तर मी म्हणेन, एक काटेरी झुडूप पाहिलं. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर चढलेलं. ते आठवलं, की अजूनही मी हातातलं काम बाजूला ठेवून जरा बसून घेते.

मी कराडची. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि घाबरट आहे. हे शेवटचं मी म्हणत नाही, आमचं सगळं गोत म्हणतं. गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी कोपऱ्यावरून परत येते. प्रवासाला निघाले की माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा औषधं जास्त. सहलीत पोरं रानात काहीबाही तोंडात टाकतील म्हणून नोकरीभर ओरडत आले, "न ओळखता खाऊ नका." त्यामुळे धाकटी बहीण विद्या जेव्हा म्हणाली, "ताई, आषाढात ये, इराची शाळाही बंद असते," तेव्हा मी आधी तिथलं तापमान विचारलं, मग दवाखाना घरापासून किती लांब ते विचारलं, आणि मगच हो म्हटलं.

पहिली धास्ती मुंबईच्या विमानतळावरच भेटली. रांगेत उभी होते आणि विद्याचा फोन आला. "ताई, गोडा मसाला आणतेयस ना? त्यात खसखस नाही ना गं? इथं बॅन आहे."

आमच्या गोड्या मसाल्यात खसखस नसेल तर त्याला मसाला कोण म्हणेल? आईच्या प्रमाणानं, घरी भाजून कुटलेला. मी रांग सोडली, बॅग उघडली आणि डबाच्या डबा कचऱ्याच्या पेटीत टाकला. मग आठवलं, अनारशांनाही खसखस लावलेली आहे. तेही टाकले. मागचे गृहस्थ हळहळून बघत होते. विमानात बसल्यावरही मी बोटं पुसत होते, नखात एखादा दाणा राहिला असला तर? दुबईच्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

कुसैस

विद्या अल कुसैसमध्ये राहते. सहा मजली इमारती, खाली ग्रोसरी, लाँड्री, केरळी चहावाला, आणि जिन्यात कुठल्या ना कुठल्या घरची फोडणी. पलीकडे दोन सिग्नल ओलांडले की शारजा. घरात माणसं चार. विद्या; तिचे यजमान अरविंदराव, जे एका खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्स बघतात; त्यांची अकरा वर्षांची लेक इरा, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते; आणि अरविंदरावांच्या आई, म्हणजे माई.

उन्हाळ्यातल्या दुबईत सगळं उलटं असतं. दार उघडून बाहेर गेलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस आंधळा होतो. नळाला गार पाणी म्हणून जे येतं त्यानं हात भाजतो, म्हणून ही मंडळी गीझर बंद ठेवतात आणि त्यात पाणी निववून अंघोळीला घेतात. पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंड धुवायला गेले आणि ओरडले. विद्या धावत आली, बघितलं आणि हसत सुटली. "आलीस का गं बाई! आता घर भरलं."

माई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, म्हणून मला एकेरीच हाक मारतात. पाटणकडच्या डोंगरातल्या. यजमान गेल्यावर मुलानं इथं आणलं, त्याला आठ-नऊ वर्षं झाली. साखर आहे, रक्तदाब आहे, पण उपास एकही सोडत नाहीत, आणि आषाढी एकादशीला तर फक्त पाण्यावर. गेल्या वर्षी त्या उपासात त्यांना चक्कर आली होती, हे विद्यानं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. झालं, माझ्या काळजीला आणखी एक खुंटी मिळाली.

माईंना तिथल्या कशाचीच तक्रार नव्हती, एक सोडून. "सगळं मिळतं गं इथं. फणस मिळतो, अळू मिळतं. वाघाटी तेवढी नाही मिळत."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाघाटी म्हणजे आपल्या डोंगरात जाळ्यांवर चढणारी काटेरी वेल. तिच्या कच्च्या हिरव्या फळांची भाजी करून आमच्याकडे आषाढी द्वादशीला उपास सोडतात. चवीला कडू. वर्षात ही फळं बाजारात येतात ती त्या एक-दोन दिवसांपुरती, आणि जिभेला लावण्यापुरती का होईना, पारण्याच्या पानात ती असावीच लागते. मी निघाले तेव्हा कराडच्या मंडईत ती आलीच नव्हती, नाहीतर खसखशीऐवजी तीच आणली असती. तसं मी माईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "असू दे. इतकी वर्षं केळ्यावर भागवलंय, आताही भागवू."

देरा

एकादशीच्या आदल्या दिवशी मी आणि इरा सामान आणायला मेट्रोनं देराला गेलो. बायकामुलांच्या डब्यात बसले, गार वाटलं, म्हणून सवयीनं पिशवीतली आवळासुपारी काढून तोंडात टाकली. इरानं माझा दंड धरला. "मावशी! नो ईटिंग! फाइन असतो!"

"किती?"

"स्वॉलो इट! यल्ला, मावशी, क्विक!"

मी गिळली. ती घशात आडवी बसली. दोन स्टेशनं मी डोळ्यांत पाणी आणून, तोंड मिटून, कॅमेऱ्याकडे न बघता बसले होते. समोरची फिलिपिनी बाई मला टिश्यू देऊ लागली तेव्हा तर अटकच होणार असं वाटलं.

देराची मात्र मजा आहे. खाडीच्या काठाला लाकडी गलबतं एकाला एक लावलेली, आणि धक्क्यावर फ्रीज, टायर, कांद्याची पोती, गाद्या सगळं उघड्यावर ठेवलेलं. हे सगळं आफ्रिकेत, इराणात जातं म्हणे. मी इराला विचारलं, रात्री कुणी उचलून नेत नाही का? तिला प्रश्नच कळला नाही. आम्ही रताळी घेतली, भगर घेतली, केळीची पानं घेतली. एका पानाचा भाव ऐकून मी तिथल्या तिथं त्याचे रुपये केले आणि एक पान परत ठेवलं. दुकानदार केरळचा. त्याला मी हिंदीतून वाघाटी समजावून सांगू लागले, बोटांनी आकडे करून काटेसुद्धा दाखवले. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मला ब्रसेल्स स्प्राउट्स दाखवले.

एकादशी

एकादशीच्या संध्याकाळी अरविंदराव कारखान्यातून आले ते पाठीमागे काहीतरी लपवतच. माई देवापाशी बसल्या होत्या.

"ताई, तुम्ही वनस्पतीवाल्या. ओळखा पाहू," म्हणून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी टीपॉयवर पालथी केली.

लिंबाएवढी हिरवी गोल फळं, जाड देठांची. आणि पुरावा म्हणून मुद्दाम तोडून आणलेली एक डहाळी. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी, दोन्ही काटे मागे वळलेले.

"वाघाटी!" विद्या ओरडली. "अहो, कुठं मिळाली?"

"आमच्या फॅक्टरीच्या मागं. कंपाउंड वॉलवर. तिथं चार एसींचं ड्रेनचं पाणी पडतं ना, त्यावर मस्त वाढलीय. रोज बघतो, लक्षच नव्हतं. आज फळं दिसली आणि ट्यूब पेटली. उद्या द्वादशी!"

माई उठल्या. त्यांनी एक फळ हातात घेतलं, नखानं टोचलं, वास घेतला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "तीच गं," त्या म्हणाल्या. "देवानं इथं आणून दिली."

मी डहाळी हातात घेतली. काटे वाघाटीचेच म्हणावेत असे, फळाचा जाड देठही तसाच. पण पानावर बोट फिरवलं आणि थांबले. दोन्ही बाजूंना दाट मऊ लव, मखमलीवर बोट फिरवावं तशी. वाघाटीचं कोवळं पान लवदार असतं, जून झालं की गुळगुळीत होतं. हे पान जून होतं.

"वाघाटीसारखी आहे," मी म्हटलं, "पण..."

"झालं!" विद्यानं हात वर केले. "ताईचा 'पण' आला."

"अगं, या कुळात कितीतरी जाती आहेत. सगळ्या सारख्याच दिसतात. आफ्रिकेत तर काही विषारी आहेत, जनावरं दगावतात असं वाचलंय मी."

इरानं तोवर फोननं फोटो काढला होता. "ॲप सेज कॅपॅरिस. सेव्हन्टी पर्सेंट."

"बघा!" अरविंदराव म्हणाले. "वाघाटीचं नाव तेच ना?"

"ते आडनाव झालं, अरविंदराव. आडनावावरून माणूस कळतो का?"

ते हसले. विद्याही हसली. मीच जन्मभर सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं की सुमनताईच्या घाबरण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. मग मी माईंकडे वळले. "माई, उद्या केळ्यावर सोडा ना उपास. मी नीट खात्री करते, मग परवा खाऊ."

"घरात नसती तर केळ्यावर सोडला असता," माई म्हणाल्या. "आता आलीये म्हटल्यावर तिला डावलून कशी जेवू? तसं नाही होत गं."

हे मला अगदी अनपेक्षित होतं. म्हणजे भाजी खाल्ली तरी भीती, आणि भाजी नको म्हटलं तर त्या काहीच न खाता बसणार, साखरेच्या गोळ्या घेणारी ऐंशीची बाई, कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. शिवाय त्या वर्षी द्वादशी सकाळी लवकर संपत होती. साडेआठच्या आत पारणं व्हायला हवं, असं विद्यानं दिनदर्शिकेत बघून ठेवलं होतं.

मी अरविंदरावांना म्हटलं, "सकाळी मला तुमच्याबरोबर न्या. मला फूल बघायचंय. फुलाशिवाय मी सांगू शकत नाही."

"ताई, फोटो पाठवतो ना."

"फोटो नाही. मला झाड बघायचंय."

ते कंटाळून हो म्हणाले. झोपायला जाताना मी माईंच्या खोलीत डोकावले. "माई, माझा फोन येईपर्यंत थांबा. एवढं ऐका." त्या जप करत होत्या. मान हलवली, पण ती जपाची होती की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही.

इन्व्हेस्टमेंट्स पार्क

कुसैस शहराच्या एका टोकाला आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क दुसऱ्या टोकाला. पार्क म्हटल्यावर मी झाडं, कारंजी असं काही धरून चालले होते. तिथं आहेत कारखाने, गोदामं, कामगारांच्या इमारती आणि ट्रकच ट्रक. सकाळी सातलाच ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. बसमधून उतरलेले कामगार डोक्याला पंचे गुंडाळून सावली धरून चालत होते. मी सारखी घड्याळाकडे बघत होते. अरविंदराव सारखे माझ्याकडे बघत होते.

कारखान्याच्या मागं एक अरुंद बोळ होता. एका बाजूला कारखान्याची भिंत, पलीकडे मोटारीच्या सुट्या भागांचं गोदाम. वर एसींच्या पेट्या गुरगुरत होत्या, त्यांच्या नळ्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि त्या ओलीवर ते झुडूप भिंतभर चढलं होतं. खाली बुंधा माझ्या मनगटाएवढा, सालीवर भेगा. वरच्या फांद्या पाइपांना, तारांना, जुन्या शिडीला धरून छतापर्यंत गेलेल्या. याला वेलीसारखे तणावे नसतात, वळसेही नसतात. काट्यांचे आकडे अडकवत अडकवतच ते वर जातं. नव्या डहाळ्यांवर पिवळट मखमल. सबंध दुबईत एवढं तरारलेलं काही मी पाहिलं नव्हतं.

मी घाईनं पुढं झाले आणि ओढणी अडकली. मागं ओढली तर आणखी रुतली, आणि हातालाही दोन आकडे लागले. मागं वळलेल्या काट्याशी ओढाताण करून उपयोग नसतो. आणखी आत जावं लागतं, मग तो सुटतो. वर्गात हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. तिथं मात्र अरविंदराव "ताई, थांबा, हलू नका" म्हणत होते आणि मी ओढणी फाडून मोकळी झाले.

फुलं होती. तिथंच माझं अर्धं काम झालं, कारण वाघाटी फुलते उन्हाळ्यात. आषाढात तिच्यावर फळं असतात, फुलांचा मागमूस नसतो. इथं एकाच फांदीवर फळं आणि फुलं. फूल मात्र सुरेख. चार पांढऱ्या पाकळ्या, त्यातून बाहेर झेपावलेले असंख्य लांब केसर, आणि मधोमध एक उंच दांडा, ज्याच्या टोकावरचा हिरवा मणी पुढं फळ होतो. इथवर वाघाटीशी जुळत होतं. मी पाकळीचं बूड बघितलं. वाघाटीला तिथं रंगाचा डाग असतो. इथं कोरं पांढरं. मग फुलं कुठं लागलीत ते बघितलं. वाघाटीची फुलं पानाच्या बगलेच्या वर, फांदीला धरून एकावर एक अशी ओळीत येतात. ही सगळी डहाळ्यांच्या शेंड्याला झुबक्यानं आली होती. दुसरी फांदी बघितली, तिसरी बघितली. सगळीकडे झुबके.

"ही नाही," मी म्हटलं. "अरविंदराव, ही आपली नाही. ही आफ्रिकेतली आहे, कॅपॅरिस टोमेन्टोसा. फोन लावा घरी."

ते अजून चाचरत होते. "म्हणजे, कझिनच ना वाघाटीची? एवढ्याशा भाजीनं काय..."

तेवढ्यात पलीकडच्या गोदामातून एक उंच गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात चहाचा कागदी पेला. अरविंदरावांचे चहाचे सोबती उस्मानसाहेब, सुदानचे, त्या गोदामाचे मालक. मी हातात फूल धरून उभी, ओढणी फाटलेली. ते दृश्य बघून त्यांनी पेलाच खाली ठेवला.

"हबीबी, मॅडम को क्या हुआ?"

"उस्मानभाई, ये आपका प्लांट है?" अरविंदरावांनी विचारलं.

"मेरा पार्टनर लगाया. हमारा मुलुक का है. बकरी का बाड़ा बनाते इससे, बहुत मजबूत."

"इसका फल खाते हैं?" मी विचारलं.

ते हसले, आणि मग मी हसत नाही हे बघून थांबले. "नहीं, नहीं मॅडम. जड़ का दवा बनता, वो भी हकीम देता. फल कौन खाएगा? सूखा पड़ता तो ऊंट खाता इसका पत्ता. फिर ऊंट खलास."

अरविंदरावांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग मी लावला.

"उचलत नाही," ते म्हणाले. आणि दोघांच्या एकदमच लक्षात आलं. द्वादशीचा नैवेद्य. विद्या सोवळ्यात. माईंच्या समोर ती सोवळ्यात असताना फोनला हात लावत नाही, तो बेडरूममध्ये चार्जिंगला असतो. इरा झोपलेली. माईंना मोबाइल वापरता येत नाही. रात्री मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, माझा फोन येईपर्यंत थांबा. फोन घेणार कोण, हा विचार माझ्यासारख्या बाईनंसुद्धा केला नव्हता.

"सुपरवायझरला मी रस्त्यातून कळवतो," अरविंदराव पळतच म्हणाले. "चला ताई, यल्ला."

माणसाला या फळानं नक्की काय होतं, किती खाल्लं तर होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आजही ठामपणे ठाऊक नाही. कदाचित एका घासानं काही झालंही नसतं. पण तो घास घेणारी बाई ऐंशीची, उपाशी, साखरेची, आणि उंटाचं ऐकून आलेली मी. रस्ताभर मी फोन लावत होते. शाळांना सुट्टी असूनही हायवेला गर्दी होती. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले की मी घड्याळ बघे. अरविंदराव एकदाच म्हणाले, "मीच आणली. ताई, मी स्वतःच्या हातानं आणली." मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी विचारलं, "घराजवळ कुठलं हॉस्पिटल बरं?" त्यांनी नाव सांगितलं आणि गाडी आणखी जोरात घेतली.

साडेआठ रस्त्यातच वाजून गेले.

लिफ्टचं दार उघडलं आणि हिंगमोहरीच्या फोडणीचा वास आला. भाजी झाली होती. चप्पल काढायचंही मला सुचलं नाही, तशीच आत गेले. स्वयंपाकघरात विद्या ओटा पुसत होती.

"खाल्ली?" मी ओरडले. "माईंनी खाल्ली? तू चाखलीस?"

"काय ओरडतेस! नैवेद्याआधी चाखेन का मी?" विद्या चिडलेली होती. "आणि चप्पल घालून आलीस इथवर! तू आणि तुझा 'पण'! बघ जा, काय करून ठेवलंयस ते. द्वादशी टळून गेली. मी दहा वेळा म्हटलं, माई, ताई घाबरटच आहे, तुम्ही घ्या. ऐकतच नाहीत."

माई देवापाशी पाटावर बसल्या होत्या. समोर केळीच्या पानावर वरणभात, कोशिंबीर, आणि एका बाजूला द्रोणात ती हिरवी भाजी. पानाभोवती पाणी फिरवलेलं नव्हतं. नैवेद्य दाखवलाच नव्हता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि हात मांडीवर थरथरत होते.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "ती आहे का?"

मी खाली बसले. "नाही, माई. दुसरीच आहे. जनावरं मरतात तिनं."

विद्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. अरविंदराव पुढं झाले, भाजीचा द्रोण उचलला, ओट्यावरचं पातेलंही उचललं आणि दोन्ही घेऊन बाहेर गेले. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मी आधी साखरपाणी केलं, ते माईंना घोट घोट पाजलं, नाडी धरून बसले. विद्यानं ते पान काढून टाकलं, दुसरं मांडलं. माईंनी देवाला वरणभाताचा नैवेद्य दाखवला आणि मग स्वतः जेवायला घेतलं.

"माई," मी न राहवून विचारलं, "घरात कुणालाच माझं खरं वाटलं नव्हतं. तुम्ही कशा थांबलात?"

"मला तरी कुठं खरं वाटलं होतं?" माई म्हणाल्या. "पण देवाला द्यायची वस्तू. तू शंका काढलीस, आता शंकेची वस्तू त्याच्यापुढं कशी ठेवायची? म्हणून बसून राहिले. नुसतं माझं असतं ना सुमन, तर तुझी वाट बघितली नसती." त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला. "इतक्या वर्षांनी मिळाली होती गं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली असती."

मला वाटत होतं मी कालपासून घाबरलेली आहे. खरी घाबरले ती हे ऐकून. मी त्यांच्या पानाशेजारी तशीच बसून राहिले, त्यांचं जेवण संपेपर्यंत.